लेखनसीमा

हॅलिफॅक्सला, जुन्या गालिच्यांच्या गिरणीत,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी लोकर विंचरत,
तिथे मी सह्या विंचरत बसते.

पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी
एक निळं टिंब. दाबलं की
चार नावं खाली उतरतात, सगळी माझीच.

नऊ ते एक, पुन्हा दोन ते चार: हेमांगी टिपणीस,
भाडेकरू सेवा. खाली कौन्सिलचा शिक्का
आणि दोन ओळींचा दम:
हा मजकूर तुमच्यासाठी नसल्यास ताबडतोब नष्ट करावा.
चारनंतर: एच. टिपणीस, दुभाषी, हॉस्पिटलला लागेल तशी.
रात्री: हेमा, खजिनदार, भाजीमळा मंडळ,
सोबत सुविचार, तो यंत्र स्वतःच फिरवतं,
काल धीराचं फळ, आज वाटाणा कधी पेरावा.
आणि एक ते दोन, डबा खाताना, फक्त साताऱ्यासाठी:
कळावे, लोभ असावा. तुमची हेमी.

हे सगळं डेरेकनं लावून दिलं.
एकदा बसवलं की विसरून जा, म्हणाला.
विसरले.

मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे ढकलली.
यंत्र मागेच राहिलं.

मिस्टर ग्रीनवुडना बॉयलरबद्दल लिहिलं,
चौदा दिवसांत माणूस येईल, नेहमीचंच;
खाली गेला लोभ.
त्यांचं उत्तर: अक्षरं सुंदर आहेत,
दोरीवर वाळत घातल्यासारखी. काय लिहिलंय?
मी टाळलं. माणूस मात्र
चौथ्या दिवशी पाठवला.

आणि अण्णांना मिळाला शिक्का, दम.
त्यांनी टॅबवर एका बोटानं लिहिलं:
वाचलं. नष्ट कसं करतात ते कळव.
की हे माझ्यासाठी नव्हतं?

अण्णा कोर्टात नाझर. चौतीस वर्षं एकच सही,
'स'च्या शेपटीतून निघालेली रेघ
मागे वळून सगळ्या नावाखालून जायची.
यंदा हात थरथरतो. बँकेनं चेक परत केला,
सही जुळत नाही.
तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीनं
शाईचं पॅड हळूच पुढे सरकवलं.
हे अण्णांनी नाही, शेजारच्या पद्मजाताईंनी सांगितलं.

माझी इथे दिवसातून चारदा बदलते
आणि दर वेळी जुळते.

जुनी कागदपत्रं दाखवताना अण्णा सांगायचे,
पत्र संपलं की शिक्का मारत: लेखनसीमा.
खाली कुणी काही घुसडू नये म्हणून.
माझ्या पत्रांखाली घुसडलेलंच जास्त,
छापू नका, झाडं वाचवा,
ही मतं कौन्सिलची नव्हेत.

रात्री निळं टिंब उघडलं. नवी सही.
नाव? यंत्रानं विचारलं.
'अण्णा' लिहिलं, खालची चौकट कोरी ठेवली.
कोरी सही जतन होत नाही, म्हणालं.
मग एक पूर्णविराम टाकला. चालला.

अण्णा, ते तुमच्यासाठीच होतं. नष्ट करू नका.
त्याखाली तो ठिपका, एकटा, शिक्क्यासारखा.
आणि त्याच्याही खाली, सीमा मोडून:

ता. क. चुकून एका परक्या माणसालाही
लोभ गेला.
त्याचा बॉयलर लागला.