बडग्याचा पंचनामा

पोळ्याच्या रात्री मी खळ शिजवत होतो,
फागोमामा नाकाडे बांबूच्या कमच्या वाकवत होता.
औंदा कोण, मी विचारलं.
मागच्या साली रेशनचा कोटेदार झाला होता,
त्याच्या आधी ग्रामसेवक,
त्याच्याही आधी धान मोजायचा काटा,
नुसता काटा, माणसाशिवाय.
मामा म्हणाला, "औंदा तोंडच नाई करत."

सकाळी पंचायतीसमोर उभा झाला तो.
सात हात उंच, खताच्या पोत्यांचं अंग,
तोंडाच्या जागी उपडी टोपली, कोरी.
पायात खडावा.
पोट तेवढं पत्र्याचं,
बेंबीत चीर, रुपया आडवा जाईल एवढी.
पोरांनी चिचोके टाकले.
वरून चिचोका,
मागच्या अंगानं अंगाऱ्याची पुडी.
(पुड्या माझ्या. चुलीची राख,
सातवीच्या गणिताच्या वहीत बांधलेली.)

आदल्या दिवसाची उरलेली झडती
सीताराम गहाणेनं तेव्हा सोडली:

    चार कवेलू, आठ कवेलू, मठावर टीन,
    देवाच्या नावानं बुवा घेते जमीन!

हसू बाप्यांतून उठलं, पोरींत गेलं.
पारबताबाईनं लेकीच्या तापापायी
तीन अंगारे नेले होते मठातून, एक शेळी देऊन.
लेक राहिली नव्हती.
ती सगळ्यांत शेवटी हसली
आणि मग तिला थांबता येईना.

दुपारी ओंकारगिरी बुवा आले, सोबत हवालदार मडावी.
"हा मी आहे," बुवा म्हणाले.
"कशावरून? तोंड तर नाई."
"पोट बघा."
मडावीनं बघितलं. टोपण काढलं, लिहिलं:
सदर पोट आपलेच असल्याचे फिर्यादी सांगतो.
"आणि ही चीर?"
बुवा गप्प.
मडावीनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं,
कारण कायद्यात विचारावंच लागतं.
फिर्यादीने चीर ओळखली.
पंच म्हणून सीतारामची सही.
तेवढा मोठा हशा आमच्या गावानं
नाटकाच्या मंडपातही ऐकला नसेल.

बडग्या मात्र जळला नाही. मुद्देमाल झाला.
ठाण्यामागे, रेतीच्या जप्त ट्रॅक्टरला टेकवून,
मोहाच्या कॅनांच्या ओळीत.
पावसानं पोती सडली, टोपली काळी पडली.
पोट तसंच.

मग कोणाचा तरी पोरगा आत होता,
त्याच्या मायनं जाता जाता रुपया टाकला.
पोरगा सुटला.
दसऱ्याला कुंकू होतं पत्र्यावर.
दिवाळीला झेंडी.

तारखेला गेलो तेव्हा मामा म्हणाला, चल, पाहून येऊ.
रांग होती.
पुड्या केव्हाच संपल्या होत्या,
मागून काहीच पडत नव्हतं,
तरी रांग होती.
मामाचा नंबर आला. हात उचलून तो नुसता उभा,
आपणच कापलेल्या चिरेकडे बघत.
मागचा माणूस म्हणाला,
"टाका ना बाप्पा लवकर, बस जाते माझी."
मामानं खिसा चाचपला.
चिचोका निघाला एक. टाकला.
आत नाण्यांवर वाजला तो.

परतीच्या वाटेवर मामा बोलला नाही.
पुढच्या पोळ्यालाही कमच्या तशाच पडून होत्या
रात्र बरीच होईस्तोवर.
मग आरसा मांडीवर घेऊन म्हणाला,
"माहं नाक कसं दिसते रे? खरं सांग."

मी खळ ढवळत राहिलो.