अंड्यातलं पांढरं

मंगळवारी अंगणवाडीत अंडी असतात. बेचाळीस.
मी मोजून पातेल्यात सोडते, मोजून काढते,
गार पाण्यात बोटं बुडवत
एकेकाचं टरफल उतरवते.
माझ्या हातचं सगळी लेकरं खातात.
हे गेले तेव्हा गावाला कावीळ सांगितली होती.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात खोब्रागडे नावाचा पोरगा रक्त काढतो.
या खेपेला कागद बराच वेळ हातात धरून बसला.
विषाणू दिसत नाही, म्हणाला, पेशीही बऱ्या आहेत,
गोळ्या नीट घेता तुम्ही, ताई.
मग पेनाचं टोक एका आकड्यावर टेकवलं.
दोन पूर्णांक चार.
अल्बुमिन. रक्तातलं प्रथिन.
हे असं खाली गेलं की
साध्या दुखण्यानंही माणूस लवकर आडवा होतो.
मला समजावं म्हणून पुढे बोलला,
अंड्यातलं पांढरं असतं ना, तसंच काहीसं.

मी हसले.
त्याला वाटलं, समजलं.

घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडतो,
रोवण्याच्या बांदीतून पाय उचलल्यावर पडतो तसा.
बांदीतला लगेच भरतो.
माझा, अठरा मोजेपर्यंत तसाच.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं :
अंडी, डाळ, मासोळी, शेंगदाणे.
घरी पेज असते, अंबाडीची भाजी,
लाखोळीची डाळ पातळ,
पाहुणा आला की अजून पातळ.
बोडीतल्या मासोळ्या ठेक्यात गेल्या.

लेकरांच्या दंडाला लावायची पट्टी आहे आमच्याकडे,
लाल, पिवळी, हिरवी.
एका दुपारी दार लोटून स्वतःला गुंडाळली.
हिरव्यात आले.
लेकरांची पट्टी, तिला काय कळणार.

मागच्या मंगळवारी तन्मय मडावी आला नाही.
एक अंडं उरलं.
वैजयंता मॅडम रजिस्टर माझ्याकडे सरकवून
फोनवर बोलत बाहेर गेल्या.
मी भिंतीकडे तोंड करून खाल्लं, बिनमिठाचं.
पिवळं घशात अडकलं.
पांढरं सोपं गेलं.
तन्मयच्या नावापुढे हजर लिहिलं.
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

संध्याकाळी त्याच्या घरावरून जाताना आत डोकावले.
कपाळावर ओलं फडकं, डोळे लाल.
मावशी, आज अंडं होतं?
होतं.
माझं?
ठेवलंय, म्हटलं.

आज परत मंगळवार.
सकाळी येताना किराण्याच्या दुकानात थांबले.
एक अंडं द्या.
एकच? दुकानदार म्हणाला,
एकट्या अंड्यासाठी कोणी पिशवी मागते का?
मी सुटे पैसे पुन्हा मोजले.
दोन घेतली.

पातेलं उकळायला लागलंय.
तन्मय दारात चप्पल काढतोय, उलटी.
बेचाळीस, आणि वर दोन.
आज मोजायला चुकायचं नाही.