गाठ आली की

आमच्या स्वयंपाकघरात एक घोडी होती.
खिंकाळणारी नव्हे, लाकडी.
पायानं दाबली की तिचा जबडा फोक धरून ठेवायचा
आणि आई तिच्यावर बसून
दोन मुठींची सुरी छातीकडे ओढत राहायची,
नोव्हेंबरपासून थेट बर्फ वितळेपर्यंत.

हिकरीचा फोक, मधोमध चिरलेला.
पाठीची साल तशीच ठेवायची.
तासायचं ते पोट:
टोकांना पातळ, मध्ये जरा अंग राखून,
म्हणजे वाकवला तर कुरकुरेल, पण मोडणार नाही.
ढलप्या आम्ही पोरं गोळा करायचो.
चुलीत त्या आधी सरळ व्हायच्या, मग पेटायच्या.

शंभर कड्यांची एक मोळी.
दोन मोळ्यांना पिठाचं पोतं, अर्धीला रॉकेल,
आणि स्नायडर दुकानदाराच्या वहीत
हुल्डा डेपाय हे नाव कधीच नसायचं.
‘ट्यूनिसची कडी’ असं लिहायचा तो.
ट्यूनिस म्हणजे बाप. तो सिमेंटच्या खाणीत.
त्यानं खणलेलं पिंपात जायचं,
पिंप आईच्या कड्यांत,
आणि हडसनवरून दोघं मिळून न्यूयॉर्कला,
जिथं त्यांच्यापैकी कुणीच कधी गेलं नाही.

त्या हिवाळ्यात किंग्स्टनहून असाहेल व्हिटबेक आला.
मिस्त्री. बूट दाराशी काढून ठेवणारा, सभ्य.
तीन संध्याकाळ चुलीशी बसला, वही मांडीवर.
गाठ आली की काय करता, त्यानं विचारलं.
काही नाही, आई म्हणाली,
आणि केलं:
मनगट जरासं वर,
झोपलेल्या पोराला ओलांडावं तशी सुरी पलीकडे.
पुन्हा करा, तो म्हणाला.
पुन्हा तिला जमेना.
कुणी बघतंय म्हटल्यावर हात अवघडला,
एक फोक फुकट गेला, मग दुसरा.
तिसऱ्या संध्याकाळी धाकट्याला खोकला लागला,
ती त्याच्याकडे कान देऊन तासत राहिली,
व्हिटबेकला विसरली.
तेव्हा त्याची पेन्सिल चालली.

मे महिन्यात स्नायडरच्या गिरणीत यंत्र बसलं.
ओतीव लोखंड, हिरवा रंग, दोन दातेरी रूळ,
पाणचक्कीवरून आलेला पट्टा.
या तोंडातून फोक, त्या तोंडातून कडं.
मिनिटाला किती, ते पुरुष मोठ्यानं मोजत होते.
आई मोजत नव्हती.
पात्यामागे करंगळीएवढी एक स्प्रिंग होती.
गाठ आली,
पातं उचललं गेलं,
पुढे जाऊन पुन्हा टेकलं.
आईनं आपलं उजवं मनगट
डाव्या हातात धरलं,
जागेवर आहे का बघावं तसं.

परतताना पुलावर एवढंच म्हणाली,
‘उशिरा उचलतं.’
रागानं नाही.
शिकाऊ पोराबद्दल बोलावं तसं.

पुढे हाताच्या कड्यांना स्नायडर नको म्हणाला.
घोडी लाकडाच्या खोपीत गेली, कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या.
आई दुसऱ्यांचे कपडे धुवायची,
आणि बटाटे सोलताना डोळा आला
की सुरी अशी काही उचलायची
की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

मग तारेची कडी आली.
मग पिंपंच गेली, सिमेंट पोत्यांत भरू लागले.
यंत्रालाही कुणी सांगितलं असेल, नको.

यंदा मी बासष्टाची.
गिरणीचं छप्पर खाली आलंय, रानद्राक्षांनी आत घर केलंय.
पट्टा उंदरांनी खाल्ला, पातं कुणी तरी काढून नेलं.
पितळी पट्टीवर व्हिटबेकचं नाव आहे, नीट वाचता येतं,
खाली पेटंटची तारीख.
स्प्रिंग आहे.
गंजलेली, त्यावर कोळ्याचं जाळं.
मी अंगठ्यानं दाबून सोडली.

काहीच नाही.

मग, मी वळणार तोच,
वर आली.