एक जून

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज माझ्या टेबलावर येतात.
रकाना चौथा, जन्मतारीख:
एक जून. एक जून. एक जून.
शाई वेगळी, साल वेगळं, तारीख तीच,
जणू जिल्ह्यातल्या सगळ्या सुईणी
उरलेले तीनशे चौसष्ट दिवस सुट्टीवर असायच्या.

यंदा हयातीच्या दाखल्याला
साहेबांनी दिवसही तोच ठरवला.
नवतपा सरता सरत नव्हता.
जिवंत आहोत हे सांगायला
माणसं सत्तेचाळीस डिग्रीत आली,
डोक्याला दुपट्टे, खिशात कांदा.

मनिराम समुंद्रे, क्लॅरिनेट, इतवारीतला बँड.
स्वतःच्या लग्नातही स्वतःच वाजवलं,
मालक रोजी कापेल म्हणून.
"माय म्हने, जवारी सोंगाले आली होती."
गुरुजींनी ज्वारी ऐकली
आणि जून लिहिला.

रज्जाक मियाँ, ताजबाग.
तीस वर्षं कव्वालीत मागच्या रांगेत टाळ्या.
वाद्याच्या रकान्यात काय लिहू, विचारलं
तर त्यांनी हात पुढे केले.
मी लिहिलं: तळहात.

सुकेशनी गजभिये, इंदोरा, भीमगीतं.
"दीक्षेच्या दिवशी मायले सातवा होता सायब,
तुमीच मोजा."
मी बोटांवर मोजलं. डिसेंबर येत होता.

पांढरीपांडे बुवा, महाल, ख्याल.
पत्रिका घेऊन आले, पिवळी, घटी-पळांसकट,
कार्तिक वद्य काहीतरी.
ऑफिसला पत्रिका चालत नाही.
बुवांनी ती पुन्हा धोतराच्या सोग्यात गुंडाळली,
तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी.

धनराज निखारे, उर्फ डॅनी, ऑर्केस्ट्रा, बेस गिटार.
मेंदीने लाल केस, त्या उन्हात बूट.

आणि आसाराम बोकडे, खडी गंमत, साठ वर्षं नाच्या.
"जन्म कोनाचा लिवता? माहा, का तिचा?"
फॉर्ममध्ये तशी सोय नव्हती.

सर्वांत शेवटी रूथ मॅडम,
सदरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या.
त्यांनी मिशन हॉस्पिटलचा कागद उलगडला:
एक जून, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
सगळे वाकून बघायला लागले.
"तुमाले कोन्या मास्तरनं देल्ली?" मनिरामने विचारलं.
"खरीच आहे," मॅडम म्हणाल्या, जराशा घाबरून.
बाकीचे असे ओशाळले
की उसना कोट घालून वरातीत नाचावं
आणि समोरून कोटाचा मालक यावा.

तेवढ्यात लाइट गेली.
कूलर थांबला, वाळ्याचा वास तेवढा राहिला.
डॅनी म्हणाला, मॅडमसाठी काहीतरी म्हणू यार,
आज एकीचा तरी आहे.
बुवा म्हणाले, आधी सूर ठरवा. माझी काळी एक.
सुकेशनीबाईंना ती खाली पडेना.
मनिरामने क्लॅरिनेट आणलीच नव्हती,
तरी म्हणाला, ती कोनाचंच ऐकत नाही.
आसाराम बाईच्या गळ्यात, मग बुवाच्या गळ्यात,
मग दोघांच्या मध्ये कुठेतरी.
वीस मिनिटं नुसतं आ, आ, आ, थांबा, पुन्हा आ.
रज्जाक मियाँ हात उगारून बसलेले,
टाळी कुठे टाकायची ते कळेना.

लाइट आली. कूलर घुरघुरला.
गाणं राहिलं ते राहिलंच.
अंगठे, सह्या, शिक्का: हयात, हयात, हयात.

जाताना रूथ मॅडमनी विचारलं, "तुमची तारीख काय हो?"
सेवापुस्तकात माझाही एक जून.
एक जूनवाल्यांना सरकार एकतीस मेलाच घरी पाठवतं,
माझं ते पुढच्या साली.
तसं आई सांगायची,
मारबत निघाली होती तेव्हा,
खाली सगळी गल्ली ढोल बडवत होती,
"तू रडलास की नाही
ते कोणाला ऐकूच आलं नाही."

मला कुठलंच वाद्य येत नाही.
मॅडमना मी म्हणालो, एक जून.