पुढची पायरी

अजमानला, नुऐमियात, लाँड्रीच्या वर आमचा फ्लॅट.
शुक्रवारी चारपासून मगरिबच्या बांगेपर्यंत
जेवणाचं टेबल आमचं.
नवरा लेकीला घेऊन मॉलमध्ये फिरतो,
काही विकत न घेता, तिथला एसी फुकट म्हणून.

चार खुर्च्या. एक डुगडुगते.
उशिरा येईल त्याला ती, म्हणजे अर्सलानला.
मुलतानचा सर्जन; इथे विमा कंपनीत
दुसऱ्यांच्या ऑपरेशनांची बिलं तपासतो, फेटाळतो,
आणि येताना करकचे चार कप आणतो,
एकावर एक रचून, हनुवटीनं दाबून.

बिन्सी कोट्टायमच्या आयसीयूत अकरा वर्षं होती.
आता एका आजीबाईंच्या उशाशी रात्री जागते.
तिची परीक्षा नर्सिंगची, आमच्याहून वेगळी,
पण एकटीनं वाचलं की डोळा लागतो म्हणते.

इजलाल वद मदनीची.
तिच्या पदवीचा फक्त फोटो उरलाय, फोनमध्ये.
मूळ कागद ज्या कपाटात होता,
ते कपाट ज्या घरात होतं,
त्याबद्दल ती एवढंच सांगते:
किल्ली माझ्याजवळ आहे.

आणि मी. किनवटच्या ग्रामीण रुग्णालयात नऊ वर्षं.
इथल्या कार्डावर माझ्या नावापुढे छापलंय: गृहिणी.
तेही खोटं नाही म्हणा,
प्रश्नसंच वाचता वाचता वरण उतू गेलंच परवा.

अर्सलान वाचतो:
अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ. अर्ध्या तासापूर्वी
उजवी बाजू लुळी पडली. बोलणं अडखळतंय.
पुढची सर्वात योग्य पायरी कोणती?

इजलाल म्हणते, नातेवाइकांना विचारीन, गाडी कुणाकडे आहे.
मी म्हणते, मीही. नांदेड तीन तास. वर डिझेलचे पैसे.
अर्सलान म्हणतो, आधी वीज आहे का बघीन.
बिन्सी म्हणते, मी डॉक्टरांना फोन करीन,
आणि ते येईपर्यंत सगळं उरकून ठेवीन.

चारही चूक.
उत्तर: सीटी स्कॅन.
परीक्षेतलं मशीन कधी बंद नसतं.
परीक्षेतल्या माणसाला सासू नसते,
तो हातातली पिशवी खाली ठेवायला तयार असतो,
आणि अर्धा तास म्हणजे खरंच अर्धा तास.
अभ्यास आम्हाला फार नवा नव्हता.
विसरायलाच जड जात होतं.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी दार वाजलं.
खालचा शफीउल, आमचे कपडे डाव्या हातात.
उजवा पाठीमागे.
‘काही नाही,’ म्हणाला, ‘वाफ लागली.’

चौघं एकदम उठलो. डुगडुगती खुर्ची आडवी झाली.
मी नळ सोडला आणि हात मागे घेतला.
ऑगस्टात इथला गारचा नळही पोळतो,
टाक्या दिवसभर गच्चीवर उन्हात.
तोवर बिन्सीनं पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली ओढली,
अर्सलाननं ती मांडीवर तिरकी धरली,
इजलालनं त्याची अंगठी काढून माझ्या मुठीत दिली,
बोट सुजायच्या आत.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

वीस मिनिटं. घड्याळ लावून.
बारीक धार त्याच्या तळहातावरून बेसिनमध्ये,
अर्सलानचे दंड थरथरायला लागले तरी
धार जाड झाली नाही की तुटली नाही.
एवढा वेळ मी त्याचे हात
कधी नीट पाहिलेच नव्हते.

‘तुम्ही सगळे डॉक्टर?’ शफीउलनं विचारलं.
एकमेकांकडे पाहिलं आम्ही.
‘अभ्यास चाललाय,’ मी म्हटलं.
तो म्हणाला, ‘या वयात?’
आणि बिन्सी इतकी हसली
की ठसका लागला तिला.

पुढच्या बुधवारी इजलालची परीक्षा.
दुपारी तिचा मेसेज आला:
भाजल्याचा प्रश्न होता.
पर्यायांमध्ये बाटली नव्हती.

आम्ही तिघांनी हसण्याची चित्रं पाठवली, बरीच.
ती पास झाली का, हे विचारायचं
रात्री भांडी घासताना आठवलं.