ठाव

बाबांनी देश बनवायला घेतला तेव्हा
आधी राजा नाही ठरवला, झेंडाही नाही.
पीट-कारखान्यातून एक सळई आणली, सहा मीटरची, जोडाजोडीची,
आणि सोमाच्या दलदलीत उतरले.
दर वीस पावलांवर खुपसायची.
ठाव लागला की वहीत आकडा,
नाही लागला की एक रिकामं वर्तुळ.
पुढे त्या वर्तुळांमध्येच
त्यांची माणसं राहायला आली.

मी नऊ वर्षांची, मापापेक्षा मोठ्या रबरी बुटांत,
वही कोरडी ठेवायच्या कामावर.

त्या लोकांच्या भाषेत 'असणे' नव्हतं.
बाबा म्हणायचे, दलदलीत कुणी नुसतं असत नाही,
टिकतं किंवा खचतं.
म्हणून प्रत्येक क्रियापदाला शेपूट:
पायाखाली जमीन असेल तर –म,
खात्री नसेल तर –श.
ओरम, मी चालतो, आणि मला पेलतंय.
ओरश, मी चालतो, बघू.
"'बघू'ला अख्खा प्रत्यय, एंडेल?" आई म्हणाली
आणि भांडी विसळत राहिली.

कादंबरी अडली सातव्या प्रकरणात.
भावाने भावाला फसवायचं होतं
आणि फसवायला भाषेत शब्दच नव्हता.
उसना आणायचा नाही, हा बाबांचा हट्ट.
महिनाभर त्यांनी भावाला
नदीकाठी तोंड मिटून उभा ठेवला.

मग आम्ही विर्वेकडे गेलो.
ती साठ वर्षं त्याच दलदलीत क्रॅनबेरी वेचत होती.
तिने काळा पाव कापला, वर जाड लोणी,
आणि म्हणाली, जिथे सगळ्यात हिरवं दिसतं ना,
तिथे पाय टाकू नका. खाली काही नसतं.
माझी गाय तिथेच गेली.
"रंग कोणता होता गाईचा?" बाबांची पेन्सिल तयार.
विर्वे बघतच राहिली.
"तांबडी," मग म्हणाली. "पुनिक नाव तिचं.
हेही लिहिणार आहेस?"
लिहिलं.

परतताना, होडीतच, शब्द सापडला:
ऊसेल, हिरवं दाखवणे. खोटं बोलणे.
आणि खाली नियम, दोनदा अधोरेखित:
या क्रियापदाला –म कधीही लागत नाही.

त्याच वसंतात पाचवा ऋतू लांबला.
हालिस्ते नदी कुरणांवर चढली, मग रस्त्यांवर,
टपालवाला वल्हं मारत यायचा.
आई पार्नूला गेली होती, मावशीकडे, दोन दिवसांसाठी.
मी रोज पायरीवर बसून
पाण्यात बुडालेली फळी मोजायची.
"पाणी उतरलं की येईल," बाबा म्हणाले.
सळईवर खुणा करून दिल्या मला:
इथवर आलं की होडी, इथवर आलं की बस.

पाणी उतरलं.
उन्हाळा आला, गवत कापून झालं.
तोवर मला पोहता यायला लागलं होतं,
एकटीला चूल पेटवता येत होती,
आणि पायरीवर बसायची सवय
कधी मोडली ते आठवत नाही.

कादंबरी संपलीच नाही.
राहिली सात प्रकरणं आणि चार हजार शब्दांचा कोश.
तो आता तार्तूचं एक छोटं प्रकाशन छापतंय.
जुळणी मी करतेय, वह्यांवरून,
काही पानं अजून पीटच्या रंगाची.

काल ऊसेल आलं.
नियम होता, दोन्ही रेघा होत्या.
त्याखाली फिकट पेन्सिलीने, वेगळ्या दिवशी,
एप्रिल महिना, वर्ष तेच:
ऊसेलम.
अर्थाच्या जागी एवढंच:
'ज्यावर कुणीतरी उभं आहे, असं.'

मुद्रितशोधक मुलगा हुशार आहे, नाव राग्नार.
त्याने बरोबर पकडलं. लाल वर्तुळ,
समासात प्रश्न: नियमाविरुद्ध? काढू?

ते रिकामं वर्तुळ मी बराच वेळ बघत बसले.
मग लिहिलं, राहू दे.
आणि अपवादाचं कारण द्यायला हवं म्हणून
सळईची लांबी लिहिली.
मग तीही खोडली.