कितवा मजला

शनिवारी चारला कॅरमवाल्यांची खोली आम्हाला मिळते,
माझगावात, म्हातारपाखाडीच्या अलीकडे.
किल्ली माझ्या पर्समध्ये असते,
पण माझ्या बोटांना ती फिरवता येत नाही.
ती घागकाका फिरवतात.
खालच्या कडीपर्यंत त्यांना वाकता येत नाही,
ती इनास परेरा काढते, बसकण मारून,
आणि मग तिला उठवायला आम्ही दोघं.
एवढं सगळं होईस्तोवर सव्वाचार.

आत बोरिक पावडरचा वास,
भिंतीला टेकवलेले बोर्ड,
सात खुर्च्या आणि एक सतरंजी,
ज्याला बसवत नाही त्याच्यासाठी.
थर्मासमध्ये चहा. कप अर्धेच भरायचे,
भरलेला कप रझियाच्या मनगटाला पेलत नाही.

नियम एकच, तोही कुठे लिहिलेला नाही:
उपाय सांगायचे नाहीत.
एक नवा मुलगा म्हणाला होता, हळद-दूध घेऊन बघा.
आम्ही सगळे एकदम हसलो,
इतके, की कुंदाच्या बरगडीत चमक भरली
आणि सतरंजी लागली.

डॉक्टर विचारतात, दहापैकी किती?
मी सहा म्हटलं की ते सहा लिहितात.
सहा म्हणजे काय ते त्यांना कळलं का,
मला तरी कळलं का.
घागकाकांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं,
लिफ्ट नसलेल्या इमारतींतून.
एकदा म्हणाले, दहाबिहा मला समजत नाही बाई,
आज कंबर चौथ्या मजल्यावर आहे
मनीऑर्डर घेऊन,
आणि दाराला कुलूप.

तेव्हापासून आम्ही तसंच बोलतो.
आज दुसरा.
आज दुसराच, पण जिन्यात दिवा नाही.
रझिया म्हणते, पाचवा, आणि खालून सासू हाका मारतेय.
कुंदा गच्चीवर गेली की बोलत नाही,
नुसतं बोट वर करते.
तळमजल्यावर आमच्यातलं कुणी नसतं.
राहायचो तिथे कधीतरी,
आता ती जागा दुसऱ्यांना भाड्याने गेलीय.

कुणाच्याच अंगावर प्लास्टर नाही.
बसमध्ये राखीव जागेवर बसलं
की लोक आधी चेहरा बघतात, मग पाय, मग पुन्हा चेहरा.
इनासचा मुलगा म्हणतो, ममा ड्रामा करते.
तिच्या रिपोर्टांची फाइल
लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड आहे
आणि पानापानावर एकच लिहिलंय,
सगळं नॉर्मल.

फोनचं मी ठरवलं.
रात्री जाग असेल तर एक रिंग द्यायची.
एक म्हणजे: जागी आहे, काही नको.
दोन म्हणजे: बोल.
जो जागा असेल त्याने उलटी एक द्यावी,
नसेल तर नाही, राग धरायचा नाही.
पैसे पडत नाहीत. घरातले उठत नाहीत.

परवा घागकाका आले नाहीत.
कॅरमवाल्या पोराला हाक मारली.
त्याने एका झटक्यात कुलूप काढलं,
कडी पायानेच सरकवली,
आणि आमच्याकडे बघितलं: एवढंच?
हो रे. एवढंच.
चार वाजून एक मिनिट झालं होतं.
उरलेल्या चौदा मिनिटांचं काय करायचं
ते आम्हाला सुचेना.
इनास उगाच खाली बसली, आणि आम्ही तिला उठवलं.

रात्री पावणेतीनला फोन वाजला. एकदा.
मी परत एक द्यायला बोट जुळवत होते
तेवढ्यात पुन्हा.
कितवा, काका?
बराच वेळ नुसता श्वास.
मोजायचं विसरलो, म्हणाले,
जिन्यातच बसलोय.

बसा, म्हटलं.
मी दोन पायऱ्या खाली आहे.
तुमची चप्पल दिसतेय मला इथून.